घोडं पेंड खातं ते इथेच

ही मार्गदर्शिका न्यू जर्सीतल्या अशा मराठी आईवडिलांसाठी आहे, ज्यांच्या मुलीने हायस्कुलात असताना हट्टाने घोडा घ्यायला लावला, पुढे ती कॉलेजला दूर निघून गेली आणि घोडा मात्र इथेच राहिला. घोडा बोर्डिंगच्या तबेल्यात आहे, म्हणजे जागा त्यांची, जनावर आपलं आणि बिलही आपलंच. शिवकाळात स्वतःचा घोडा बाळगणाऱ्याला शिलेदार म्हणत आणि सरकारी घोड्यावर बसणाऱ्याला बारगीर. त्या हिशेबाने तुम्ही शिलेदार झालात. फरक एवढाच, की त्या शिलेदारांना घोडा बाळगल्याबद्दल पगार जास्त मिळे.

घोडा हा १९७७ पासून न्यू जर्सीचा अधिकृत राज्यप्राणी आहे. एडिसनमध्ये राहणाऱ्याला हे पटायला जड जातं. पण हंटरडन काउंटीच्या दिशेला गाडी काढली की थोड्या वेळाने दुकानं संपतात, लाकडी कुंपणं सुरू होतात आणि कुंपणांआड घोडे दिसू लागतात. त्यांतला एक तुमचा. वय २७. दात मोजकेच. गेल्या आठवड्यात व्हेटने त्याच्या तोंडात दिवा मारून बघितलं आणि सांगितलं, याला आता वाळलं गवत चावत नाही, सगळी वैरण भिजवून द्या. एवढं बोलून व्हेट पुढच्या घोड्याकडे गेला. तुम्ही मान डोलावलीत, कारण भिजवणं ही काही अवघड गोष्ट नाही असं तुम्हाला वाटलं.

आपल्यापैकी बहुतेकांचा घोड्याशी संबंध माथेरानपुरता किंवा वरातीपुरता आलेला असतो, म्हणून थोडी पार्श्वभूमी. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि तेवढेच झिजतात. ही शिल्लक पंचविशीच्या आसपास संपत येते. मग घोडा गवत तोंडात घेतो, बराच वेळ घोळवतो आणि ओला, चपटा लगदा करून खाली टाकतो. असे लगदे स्टॉलच्या भुशात पडलेले दिसले की समजावं, जेवण झालं असं वाटतंय पण पोटात काही गेलेलं नाही. गंमत अशी, की तुम्ही संध्याकाळी पोचेपर्यंत झाडलोट झालेली असते आणि लगदे खताच्या ढिगात गेलेले असतात. सकाळी झाडणाऱ्याला विचारा.

दुसरी गोष्ट लाळेची. चांगला घोडा दिवसाला ३५-४० लिटर लाळ गाळतो, पण फक्त चावताना. चावणं बंद, की लाळ बंद. मग कोरडा घास चार-पाच फूट लांबीच्या अन्ननलिकेतून खाली उतरायचा कसा? आणि तिसरी गोष्ट म्हणजे घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप इतकी घट्ट, की आत गेलेलं त्या वाटेने परत येत नाही. म्हणजे चूक झाली तर निसर्गाने दुरुस्तीची सोय ठेवलेली नाही. ती व्हेटकडे आहे आणि रविवारी तिचा दर वेगळा असतो.

साहित्य

ओगलेबाईंच्या ‘रुचिरा’त ही कृती नाही, म्हणून साहित्य नीट सांगतो. मुख्य जिन्नस म्हणजे दाबून ठोकळे केलेली वैरण. टिमथी गवताचे ठोकळे मिळतात, अल्फाल्फाचे मिळतात, दोन्ही मिसळलेलेही मिळतात. अल्फाल्फा म्हणजे आपली लसूणघास. नाव परकं वाटलं तरी पीक ओळखीचं निघतं. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त, त्यामुळे किती टक्के लसूणघास आणि किती टिमथी हे व्हेटला विचारून ठरवावं, तबेल्यातल्या बाकावर बसलेल्यांना विचारून नव्हे.

जोडीला बीट पल्प, म्हणजे साखर काढून उरलेला बीटाचा चोथा. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको, आपल्याकडचे कारखाने उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जाळतात. इथे बीटाचा चोथा वाळवून पिशवीत भरतात आणि ट्रॅक्टर सप्लायच्या दुकानात विकतात. साखर आधीच काढलेली असल्यामुळे तो मधुमेही प्रकृतीच्या घोड्यालाही सहसा चालतो. पण लेबल वाचा. काही पिशव्यांत चव यावी म्हणून मळी परत मिसळलेली असते. साखर काढून घ्यायची, विकायची, आणि मग त्याच चोथ्यात मळी घालून तोही विकायचा, हे आपल्या सहकारमहर्षींनाही सुचलं नव्हतं.

बीट पल्पबद्दल एक आख्यायिका प्रत्येक तबेल्यात ऐकू येते, की कोरडा चोथा खाल्ला तर तो पोटात फुगतो आणि घोड्याचं पोट फुटतं. कोणाच्या तरी मावसबहिणीच्या घोड्याचं फुटलेलं असतं. हे खरं नाही. खरी भीती त्याच्या बरीच वर, अन्ननलिकेत आहे. चोथा असो की ठोकळे, कोरडा बोकणा घशात बसतो. पण कोणी आख्यायिका सांगू लागलं तर वाद घालू नका. चुकीच्या कारणासाठी का होईना, माणूस चोथा भिजवतोय.

पिशवी घोड्यासाठीचीच हवी. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं मात्र हृदय त्याने निकामी होतं, आणि तेही थोड्याशा मात्रेत. ज्या तबेल्याच्या मागे दोन-चार गाईही आहेत, तिथे ही बाब विनोदाने घेऊ नये.

आणि पिशवीवरचा तारखेचा नि लॉटचा कागद फाडून टाकू नका. २०२२ च्या डिसेंबरात लसूणघासाच्या ठोकळ्यांच्या काही लॉटमधून बोट्युलिझमची विषबाधा झाली. कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, टेक्सास आणि लुइझियाना या राज्यांत मिळून ४० हून अधिक घोडे गेले. असं विष बहुधा गवत कापताना यंत्रात सापडून वैरणीत दाबल्या गेलेल्या एखाद्या मेलेल्या प्राण्यामुळे येतं. त्यामुळे ठोकळा फोडताना केस, कातडं, हाड असं काही दिसलं तर सगळी पिशवी बाजूला ठेवायची आणि लॉट नंबर कळवायचा. पाच डॉलरचं कूपन मिळालं म्हणून कुठून तरी आणलेल्या, दोरीने शिवलेल्या बेनामी पोत्यात हा कागद नसतो.

बाकी सामान म्हणजे दोन बादल्या, एक रबरी पसरट घमेलं आणि सामान तोलायचा हातकाटा. हा काटा प्रत्येक मराठी घरात कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असतो आणि भारतात जायच्या आदल्या रात्री खाली उतरतो. तो आता कायम गाडीत ठेवा. वैरणीची पिशवी ५० पाउंडांची असते, विमानात एका बॅगेलाही तेवढंच वजन चालतं, त्यामुळे उचलताना हाताला ओळखीचं वाटेल.

कृती

५०० किलोच्या घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते, म्हणजे साडेसात ते दहा किलो. आठ धरू. आधीच्या खाण्यावरून या खाण्यावर आठवडा-दहा दिवसांत, हळूहळू यायचं. घोड्याच्या आतड्यातल्या जिवाणूंना अचानक बदल खपत नाही. आठ किलोचे दोन-दोन किलोचे चार वाटे करा. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने फार लहान, दहा-पंधरा लिटरचं. एकदम सगळं देता येत नाही. दोन किलो ठोकळ्यांना चार ते सहा लिटर पाणी. म्हणजे एक जेवण सहा-आठ किलोचं आणि दिवसाची बेरीज २४ ते ३२ किलो. पिशवी तीन दिवसही पुरत नाही, हे ओघाने आलंच.

वजन नेहमी कोरड्याचं करायचं. तबेल्यात सगळे ‘स्कूप’ या मापाने बोलतात. स्कूप म्हणजे कॉफीचा रिकामा डबा, जो कोणी, कधी आणला ते कोणाला आठवत नाही. त्यात ठोकळे किती बसतात, चोथा किती बसतो आणि गोळी-खाद्य किती बसतं, हे तिन्ही आकडे वेगळे. तुमचा घोडा दीड स्कूप खातो, असं कोणी आत्मविश्वासाने सांगितलं तर हसून मान डोलवा आणि गाडीतून काटा काढा.

आता पाणी घाला आणि बघत राहा. निदान एकदा तरी बघाच. ठोकळा आधी काही करत नाही. मग कडा सुटतात, एकेक थर उलगडतो, काड्या वर येतात, पाणी तपकिरी होतं आणि बादली भरत जाते. वरून सगळा लगदा झालेला दिसतो. नवशिका इथेच फसतो. बाही कोपरापर्यंत सारा, हात तळाशी घाला आणि खालचा एक ठोकळा वर काढून दोन बोटांत दाबा. साबुदाण्याची खिचडी करणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. मध्ये कडक गाभा लागला की झालं नाही. पुन्हा झाकण ठेवा.

किती वेळ लागतो? कोमट पाण्यात लहान ठोकळे अर्ध्या-पाऊण तासात सुटतात. थंड पाण्यात मोठ्यांना दोन तास आणि त्याहूनही जास्त लागतात. चोथ्याचा कीस लवकर भिजतो, त्याच्याच दाबून केलेल्या गोळ्यांना थंड पाण्यात काही तास द्यावे लागतात. पिशवीवर लिहिलेली वेळ वाचा, पण विश्वास बोटांवर ठेवा. उकळतं पाणी ओतून काम उरकता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते निवल्याशिवाय घोड्यापुढे ठेवू नये. घोड्याला फुंकर घालता येत नाही.

इतर घटक

बोर्डिंगच्या करारात लिहिलेलं असतं, ‘दिवसातून दोन वेळा खाणं’. तुमच्या घोड्याला चार वेळा हवं. भिजवायला वेळ लागतो आणि तबेल्यात सगळं विकत मिळतं, वेळ सोडून. घोडं पेंड खातं ते इथेच.

सकाळी सहाला दिवे लावणारा माणूस पुष्कळदा ग्वातेमालाहून किंवा मेक्सिकोहून आलेला असतो. घोड्यांबद्दल त्याला जे कळतं ते तुमच्या-माझ्या सात पिढ्यांना कळलेलं नाही. पण त्याच्यापुढे वीस-पंचवीस तोंडं आहेत, सगळी एकदम ओरडतायत, दारावर लाथा मारतायत, आणि तासाभरात त्याला सगळ्यांना घालून बाहेर सोडायचंय. अशा वेळी तुमची दोन तास भिजवायची बादली त्याच्या हिशेबात कुठे बसते? तो वाईट नाही. घड्याळ वाईट आहे. घोड्याच्या घशात जे अडकतं, ती बहुधा अशी कोणीतरी वाचवलेली दहा-पंधरा मिनिटं असतात.

म्हणून व्यवस्था अशी लावा, की घाई करायला जागाच राहू नये. वाटे घरून तोलून, झाकणाच्या डब्यांत भरून खाद्याच्या खोलीत ठेवा. प्रत्येक डब्यावर घोड्याचं नाव, वेळ, आणि मोठ्या अक्षरांत इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत: कोरडं आहे, भिजवल्याशिवाय देऊ नका. सकाळी आल्यावर पहिलं काम त्यात पाणी ओतणं आणि वाढपात सगळ्यात शेवटी तुमचा घोडा. मधल्या काळात बाकीच्यांचं खाणं, बाहेर सोडणं, निम्मे स्टॉल साफ करणं, एवढं उरकतं आणि भिजवण आपोआप पुरी होते. कोमट पाण्याचा नळ कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. या कामाचे बहुतेक मॅनेजर जादा पैसे लावतात. द्या. मंडईतली घासाघीस इथे करू नये. वाचवलेले पैसे नंतर व्हेटच्या बिलात दुपटीने निघतात. आणि नाताळात पाकीट मॅनेजरला नंतर, सकाळी सहाला येणाऱ्याला आधी.

कोरडा डबा स्टॉलच्या दाराशी ठेवू नका. त्याच्याजवळून दिवसभरात अनेक सद्भावनेची माणसं जातात. शनिवारी शिकायला येणारी अकरा वर्षांची मुलगी, जिला तुमच्या घोड्याचा फार कळवळा आहे, ती डबा बघते, घोड्याचा चेहरा बघते आणि डबा उपडा करते. घोड्याचा चेहरा हा पुरावा धरू नये. पाच मिनिटांपूर्वी जेवलेला घोडाही समोरच्याकडे असा बघतो, की याने तीन दिवस अन्न पाहिलेलं नाही.

फळ्यावर खूण करायची शिस्त मात्र सगळ्यांना लावा: किती वाजता दिलं, कोणी दिलं, उरलं का. नाहीतर सकाळच्या माणसाला वाटतं दुपारची बाई देईल, दुपारच्या बाईला वाटतं तुम्ही संध्याकाळी याल, आणि दोन घरचा पाहुणा उपाशी. उलटही होतं. तिघांनी तीनदा घातलं, फळा कोरा.

बादली दिसली की सल्ले येतात. कोणी म्हणेल सफरचंदाचं व्हिनेगर घाला, कोणी जवस, कोणी एक पावडर जिची पिशवी योगायोगाने त्यांच्याकडे विकायला आहे. चमचाभर मीठ घालायला व्हेटची हरकत नसेल तर घाला. बाकी सगळ्याला ‘हो, बघतो’ म्हणावं आणि बघू नये.

सल्ल्यांचा घरचा पुरवठाही असतो. उन्हाळ्यात साताऱ्याहून आलेले आजोबा तबेल्यात येतात, घोड्याच्या मानेवरून हात फिरवतात आणि म्हणतात, ‘याला चंदी कुठे घालता तुम्ही? तोबऱ्यात भिजवलेले हरभरे द्या, वर गुळाचा खडा. आठ दिवसांत उड्या मारील.’ आजोबांचं चुकत नाही. आपल्याकडे घोडी हरभऱ्यावर पोसली गेली. पण ती दिवसाला वीस-तीस मैल तुडवत होती आणि त्यांना दात होते. या बसल्या म्हाताऱ्याला गूळ दिला तर खुरांवर बेतू शकतं. आजोबांना हे समजावून सांगा. समजावल्यावर त्यांचे खिसे तपासा.

आणि स्वतःच्या लॉनचं कापलेलं गवत काळ्या पिशवीत भरून प्रेमाने आणू नका. मऊ आहे, आयतंच बारीक झालंय, दात नसलेल्याला बरं, हे सगळं तर्कशुद्ध वाटतं. पण यंत्राने कापलेलं ओलं गवत तासाभरात तापतं, आंबतं आणि घोडा ते न चावता बोकणे भरून गिळतो. पोटदुखीला आमंत्रण. त्यात रेड मेपलची सुकलेली पानं आली, तर ती घोड्याला विषच आहेत, आणि न्यू जर्सीत रेड मेपल नाही असं अंगण शोधून दाखवा.

शेजारच्या स्टॉलची भानगड

तुमच्या शेजारी एक गोलमटोल पोनी असेल. तिच्याही दाराशी बादली असते, तिचीही वैरण भिजवतात, पण कारण नेमकं उलटं. तिला दात आहेत, भूक आहे, आणि खुरांचा आजार आहे, लॅमिनायटिस. तिच्या वाळल्या गवतातली साखर उतरावी म्हणून ते कोमट पाण्यात अर्धा तास किंवा थंड पाण्यात तासभर बुडवतात, निथळतात आणि पाणी फेकून देतात. साखर त्या पाण्यात गेलेली असते. किती जाते हे गवतागवतावर अवलंबून, म्हणून जाणते लोक आधी गवताची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतात. खनिजंही वाहून जातात, ती वेगळी द्यावी लागतात. तिसरा एक दम्याचा घोडा असतो. त्याचं गवत फक्त धूळ बसावी म्हणून दहा-एक मिनिटं ओलं करतात.

तर एका तबेल्यात तीन बादल्या: एकीतलं पाणी घोड्याच्या पोटात जायला हवं, दुसरीतलं गटारात, तिसरीचं कोणाला काही पडलेलं नाही. आणि तिन्हींना सगळे म्हणतात ‘भिजवलेलं’. पोनीचं तपकिरी गोडसर पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून कोणी तुमच्या बादलीत ओतलं, किंवा तुमच्या लगद्यातलं पाणी निथळून टाकलं, तर दोष कोणाला देणार? फळ्यावर लिहा: पाणी ओतू नये. लाल खडूने.

बादल्या, डबे, ढवळायची काठी, सगळं ज्याचं त्याचं वेगळं. पाइपचं तोंड दुसऱ्याच्या बादलीत बुडवायचं नाही. स्ट्रँगल्स नावाचा घशाचा संसर्ग असाच बादलीतून बादलीत जातो, आणि एकदा तबेल्यात शिरला की आठवडेच्या आठवडे फाटकाला कुलूप.

वाढप

चपला नकोत. घोड्याचा पाय पडला की बोट कोणाचं, असा प्रश्न पुढे राहत नाही. बंद, जाड बूट घाला. बोलत बोलत, त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूने जा. अगदी नाकासमोर आणि अगदी पाठीमागे त्याला दिसत नाही. कान मागे चिकटवले किंवा पुठ्ठा तुमच्याकडे वळवला, तर बादली घेऊन बाहेर या. तो शांत होईपर्यंत जेवण नाही. हा म्हातारा आहे, तो असं करणार नाही, हे वाक्य इमर्जन्सी रूममध्ये बऱ्याचदा ऐकू येतं. तुम्ही आणि दार यांच्या मध्ये घोडा येऊ देऊ नका.

वाढायचं जमिनीवर, पसरट रबरी घमेल्यात. मान खाली करून खाणं ही त्याची जन्मजात पद्धत आहे आणि घास त्या स्थितीत सरळ उतरतो. कडीची बादली खाली ठेवून निघून जाऊ नका. डोक्यावरचं हॉल्टर कडीत अडकतं, घोडा डोकं वर करतो, बादली तोंडाशी लटकते, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात स्टॉलचं काय होतं ते विम्यात बसत नाही. हावरा असेल तर घमेल्यात दोन-तीन मोठे गुळगुळीत दगड ठेवा, तोंडात मावणार नाहीत एवढे. दगड हुंगत, बाजूला सारत खाताना घास लहान होतो. स्वच्छ पाण्याची बादली वेगळी भरलेली हवीच.

कुरणात, चार घोड्यांमध्ये, घमेलं ठेवू नका. म्हाताऱ्याला लगदा संपवायला तास लागतो आणि तरुणांना म्हाताऱ्याला हाकलायला पाच सेकंद. त्याला आत घ्या, दार लावा, सावकाश जेवू द्या.

घास अडकला तर

सगळं करूनही कधी तरी होईल. घोडा मान लांब करून उभा राहतो, खोकतो, पुन्हा पुन्हा गिळायचा प्रयत्न करतो, आणि मग दोन्ही नाकपुड्यांतून हिरवट फेस येतो, त्यात वैरणीचे तुकडे. बघणाऱ्याला वाटतं, गुदमरला. तसं नसतं. अन्ननलिका बंद झालीय, श्वासनलिका उघडी आहे. श्वास चालू असतो. धोका वेगळा आहे: तो फेस मागे जाऊन फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया.

खाणं काढा, पाणीही काढा, व्हेटला फोन करा. एवढंच. आपल्याकडे घशात माशाचा काटा अडकला की सुक्या भाताचा गोळा गिळायला देतात, पाठीवर थाप मारतात, वर पाणी पाजतात. यातलं काहीही इथे चालत नाही. तोंडात पाइप घालून पाणी सोडायचं नाही, तेल पाजायचं नाही. घोड्याला शांत ठेवा, डोकं खाली ठेवत असेल तर ठेवू द्या. काही अडकलेले घास आपोआप सुटतात, पण व्हेट येईपर्यंत काहीही सुटलं नाही असंच धरून चाला. व्हेट गुंगीचं औषध देईल, नाकातून नळी घालून हळूहळू घास धुऊन काढेल. पुढचे काही दिवस ताप बघायचा. घोड्याचं नेहमीचं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट. थर्मामीटर कुठे लावतात, ते मॅनेजर दाखवेल. आपल्याला वाटतं तिथे नाही.

ऋतुमान

ऑगस्टमध्ये सकाळी भिजवलेलं संध्याकाळी देऊ नका. वास घ्या. आंबूस आला, बुडबुडे दिसले, की सरळ खतात. डोशाचं पीठ आंबलं तर कौतुक होतं, हे आंबलं तर कॉलिक, म्हणजे पोटदुखी. थंड पाणी वापरा, सावलीत ठेवा, थोडं थोडं भिजवा, आणि घमेलं प्रत्येक वेळी घासून धुवा. कडेला राहिलेल्या थरातच पुढचं आंबवण सुरू होतं.

जानेवारीत उलटा त्रास. रात्री भिजवलेली बादली सकाळी एका ठोकळ्याच्या रूपात निघते. कोमट पाण्याने, ऐन वेळी भिजवा, गार व्हायच्या आत द्या, आणि उरलेलं उचला. बाहेरच्या नळाखाली सांडलेल्या पाण्याचा बर्फ होतो. त्यावरून पहिला घसरतो तो नेहमी बादली घेतलेला माणूस.

तीन आठवडे भारतात

डिसेंबरात तुम्ही जाणारच. लग्न असतं, मुंज असते, काहीतरी असतं. बॅगा तोलायला काटा घरी न्याल, त्याआधी २१ दिवसांचे वाटे तोलून ठेवा. चार वेळांचे म्हणजे ८४ डबे. इतके डबे नसतात, म्हणून झिपलॉकच्या पिशव्या; आतली कोरडी वैरण उंदरांना आवडते, म्हणून त्या पिशव्या पत्र्याच्या पिंपात. दुपारचं आणि रात्रीचं जेवण ज्या मैत्रिणीवर सोपवलंय, तिच्याकडून तुमच्यादेखत एकदा भिजवून घ्या. तळातला ठोकळा दाबायला ती विसरते का ते बघा. विसरली तर बोलू नका, तुम्हीच दाबा, म्हणजे पुढच्या वेळी ती दाबते.

व्हेटच्या ऑफिसात लेखी देऊन ठेवा: मी बाहेर असताना या घोड्यावर इतक्या डॉलरपर्यंत उपचार न विचारता करा, त्यावर गेल्यास अमुक व्यक्तीला विचारा, आणि ती अमुक व्यक्ती न्यू जर्सीत असावी, नाशकात नव्हे. हा कागद नसेल, तर घोडा फेस गाळत उभा असताना व्हेट तुमच्या होकाराची वाट बघतो आणि तुमचा फोन मांडवात, सनईच्या आवाजात, आईच्या पर्समध्ये वाजत असतो. आकडा किती लिहायचा हे मुलीला विचारून ठरवा. घोडा कागदोपत्री अजून तिच्याच नावावर आहे.